बदलीचा अर्ज

१९९६ ते १९९९ अशी तीन वर्षे मी बँकेच्या प्रादेशिक कार्यालयात कर्मचारी विभागात होतो. (त्या विभागाला पुढे ‘मनुष्यबळ विकास’ असे भारदस्त नाव मिळाले. टेबले तीच राहिली.) माझ्याकडे येणाऱ्या कागदांत निम्मे बदलीचे अर्ज असत. आई अंथरुणाला खिळली आहे. वडिलांना मोतीबिंदू झाला आहे. मुलगा दहावीला आहे. पत्नीची नोकरी दुसऱ्या गावी आहे. इथले पाणी मानवत नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला. हे अर्ज वाचता वाचता मला एक सवय जडली. लिहिलेले कारण वाचायचे आणि न लिहिलेले कोणते असेल याचा अंदाज करायचा. कादंबऱ्या लिहिताना ती पुढे फार उपयोगी पडली. साहेबाशी पटत नाही, लग्न ठरून मोडले आहे, गावात उधारी झाली आहे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे तोंड पाहवत नाही, ही कारणे अर्जात कधी येत नसत. तीन वर्षांत एकच अर्ज असा आला की ज्यात खरे कारण लिहिलेले होते. त्याच्याकडे नंतर येतो.

हे सगळे आठवले ते एका फोनमुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये, घरात गणपती बसलेले असताना, अमेरिकेहून भाचीचा फोन आला. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती आणि तिचा नवरा गेली वीस वर्षे अटलांटाच्या एका उपनगरात राहतात. त्यांची मुलगी ऑगस्टमध्येच शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात दाखल झाली होती. त्याचे नाव लिहीत नाही. दक्षिणेत तशी विद्यापीठे पुष्कळ आहेत.

“मामा, ती म्हणते मला इथं राहायचं नाही. दुसरं कॉलेज बघायचं म्हणते.”

“अगं, जेमतेम महिना झालाय. अभ्यास झेपत नाही का?”

“अभ्यास छान चाललाय. तिला एकाही सोरॉरिटीनं घेतलं नाही.”

मी ‘सोसायटी’ असे ऐकले आणि घरमालकांच्या आडमुठेपणावर दोन वाक्ये बोललो. ती हसली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे लक्षात आले.

सोरॉरिटी ही चीज आपल्याकडे फारशी कुणाला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. लॅटिनमध्ये ‘सोरॉर’ म्हणजे बहीण. आपल्या संस्कृतातल्या ‘स्वसृ’च्याच कुळातला शब्द. अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींची ही भगिनीमंडळे. त्यांची नावे ग्रीक मुळाक्षरांची, आल्फा, बीटा, गॅमा अशी दोन-तीन अक्षरे जोडून केलेली. मुलग्यांची मंडळे आधीची. १७७६ साली, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले त्याच वर्षी, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ निघाले आणि ग्रीक अक्षरांची प्रथा पडली. मुलींचे असे पहिले मंडळ १८५१ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी, खास मुलींच्या वेस्लियन कॉलेजात निघाले. मुलामुलींच्या एकत्र कॉलेजांत मुली पुढे आल्या, पण मूठभर. आणि मुलग्यांच्या मंडळांची दारे त्यांना बंद. इंडियानातल्या एका कॉलेजात (आजचे डीपॉ विद्यापीठ) मुलींना प्रवेश मिळू लागल्यावर तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, चौघींनी मिळून ‘कॅपा आल्फा थीटा’ काढले. त्यांतल्या एकीला मुलग्यांच्या मंडळाने आपला बिल्ला देऊ केला होता, सभासदत्व मात्र नाही. तिने तो नाकारला आणि आपले मंडळ काढले, अशी हकिकत सांगतात. म्हणजे बाहेर ठेवलेल्या मुलींनी स्वतःसाठी बांधलेले हे घर. या घराच्या दाराशी पुढे काय चालले ते पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे.

आज अशा संस्थांची एक शिखर परिषद आहे. ती १९०२ पासूनची. दक्षिणेतल्या विद्यापीठांत एकेका मंडळाचा वाडाच असतो: पांढरे खांब, पुढे कातरलेली हिरवळ, आत झुंबर, स्वयंपाकाला माणसे. वर्गणी वर्षाला काही हजार डॉलर. सभासदत्व जन्मभराचे; नोकरीच्या ओळखीपासून लग्नातल्या करवल्यांपर्यंत ते पुरते. काही विद्यापीठांत पदवीच्या वर्गांतल्या मुलींपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक या मंडळांत असतात. आता प्रश्न असा की, घ्यायचे कुणाला? त्यासाठी ‘रश’ नावाचा एक आठवडा असतो, बहुतेक ठिकाणी वर्ग सुरू होण्याच्याही आधी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामा विद्यापीठातल्या या आठवड्याच्या चित्रफिती टिकटॉकवर देशोदेशी पाहिल्या गेल्या. २०२३ मध्ये ‘बामा रश’ नावाचा माहितीपटही निघाला. कोणता पोशाख, कोणते कानातले, कोणत्या दुकानातून, हे मुली कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून सांगतात. मी त्या चित्रफिती भाचीच्या फोननंतर पाहिल्या. पहिल्या दोन पाहताना हसू आले. नंतर नाही.

आमच्या नातीने हा आठवडा मला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितला. ती मराठी बोलते, पण क्रियापदे इंग्रजीतून उसनी घेते. ऑगस्टचे ऊन, मुलींच्या लांबच लांब रांगा. प्रत्येक गटाबरोबर एक मोठी मुलगी वाटाड्या; ती स्वतः कोणत्या मंडळाची आहे हे तिने त्या आठवड्यात सांगायचे नाही. ठरल्या वेळी वाड्याचे दार उघडते, आतल्या साऱ्याजणी एका सुरात गाणे म्हणत टाळ्या पिटतात, एकेक जण एकेका पाहुणीला हाताला धरून आत नेते. काही मिनिटे बोलणे: कुठून आलीस, काय शिकणार, सुट्टीत काय केलंस. मध्येच दुसरी येऊन खांद्यावर हात ठेवते, पहिली उठते. घंटा झाली की बाहेर. पुढचा वाडा. पहिल्या फेरीत सगळी घरे. त्यानंतर दर फेरीला घरे आपापल्या याद्या देतात आणि मुलीच्या हाती उरलेल्या घरांचे वेळापत्रक येते. नातीला दुसऱ्या फेरीसाठी सहा घरे आली. तिसऱ्या फेरीसाठी दोन. शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी वाटाड्या मुलीचा फोन आला: आज यायची गरज नाही.

“आणि आजोबा, ती म्हणाली की तू किती गोड आहेस. तीन वेळा म्हणाली.”

संध्याकाळी मैदानावर बाकीच्या मुलींना लिफाफे मिळाले. सगळ्यांनी एकदम फोडायचे, किंचाळायचे आणि आपापल्या नव्या घराकडे धावत सुटायचे. नात वसतिगृहाच्या खोलीत होती. रात्री तिची रूममेट आली, अंगात नवा टी-शर्ट, त्यावर दोन ग्रीक अक्षरे. ती बिचारी चांगली मुलगी. आपला आनंद लपवायचा तिने इतका प्रयत्न केला की दोघींनाही त्या खोलीत बसवेना.

मी हिशेबातला माणूस, म्हणून आधी वाटले की या सगळ्यात काही हिशेबाची चूक असेल. या निवडपद्धतीवर सुझन मॉंगेल आणि ॲल्विन रॉथ यांनी १९९१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त एक निबंध लिहिला होता. रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासोबत २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन बाजूंनी एकमेकांची निवड करायची असते तेव्हा जोड्या कशा लावाव्यात, हा त्यांचा विषय. शेवटच्या फेरीनंतर मुलींनी पसंतीक्रम लिहून द्यायचा, घरांनी आपला द्यायचा आणि दोन्ही याद्या जुळवायच्या, अशी ही रीत. तिच्यात त्यांना असे आढळले की, पुष्कळ मुली क्रम लिहीतच नाहीत. एकच नाव लिहितात; ते नाही तर कुणीच नको. निबंध मोठा मार्मिक आहे. पण आमच्या नातीला त्याचा उपयोग नव्हता. तिच्यावर पसंतीक्रम लिहायची वेळच आली नाही. हिशेब चोख होता. तिचे नाव त्याच्या आधीच गळले होते.

आणि कारण? कारण कुणी सांगत नाही. घरातल्या मुली आपसांत बसून गुण देतात किंवा मते टाकतात, ते बाहेर येत नाही. नापास झालेल्याला गुणपत्रिका मिळते, कर्ज नाकारलेल्याला बँक निदान एक छापील ओळ पाठवते. इथे काहीच नाही. मग ती रिकामी जागा ज्याने त्याने भरायची. भाचीचा नवरा म्हणाला, “रंग, दुसरं काय!” त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अलाबामा विद्यापीठात २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघडकीला आणले की, उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलींना मंडळांनी गाळले, आणि आतल्या काही मुलींची घ्यायची तयारी असताना जुन्या सभासद बायकांनी ते होऊ दिले नाही. देशभर बोभाटा झाला, तेव्हा विद्यापीठाने पुन्हा प्रवेश उघडायला लावला. त्याच्याही ऐंशी वर्षे आधी, पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात एका ज्यू मुलीला मंडळाने नाकारले, म्हणून त्याच मंडळातल्या मॉली यार्ड या मुलीने मोहीम उघडली; १९३३ मध्ये त्या कॉलेजातून सोरॉरिट्याच बंद झाल्या. (याच मॉली यार्ड पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या मोठ्या स्त्री-संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.) पण नातीला नाकारणाऱ्या घरांपैकी एका घरात दोन भारतीय मुली होत्या, त्यांतली एक तर नातीशी गुजराती फरसाणाबद्दल बोलली होती. तेव्हा रंगच, असे कुणी छातीठोक सांगावे? भाची म्हणाली, “ती पटकन मोकळी होत नाही, मी तिला आधीच सांगत होते.” तिच्या धाकट्या भावाने बुटांकडे बोट दाखवले. मी म्हणालो, “तू हुशार आहेस, हुशार मुली त्यांना नको असतात.” प्रत्येकाने आपापल्या परीने त्या पोरीला एकेक कारण आणून दिले. आणि त्यावर मी एक लांबलचक पत्रही लिहिले. पाच दिवसांच्या कार्यक्रमासाठी कुणी चार वर्षांचे शिक्षण मोडते का? जिथे पाय घसरला तिथेच उभे राहावे. मी पस्तीस वर्षांत कुठल्या कुठल्या शाखांत काढले, वगैरे. ज्येष्ठांना अशी पत्रे लिहायला फार आवडते.

ते पत्र भाचीने आपल्या आईला, म्हणजे माझ्या ताईला वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी नागपूरहून ताईचा फोन.

“मी मिरजेहून निघाले तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतं?”

मला आठवत होते. ताईला आठवत असेल असे मात्र वाटले नव्हते.

१९७४ ते १९७६ या दोन वर्षांत ताईला सात स्थळे दाखवली गेली. वाचकांपैकी पन्नाशीच्या पुढच्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. बैठकीत सतरंजी, तिच्यावर धुतलेली चादर, पोह्यांवर ओले खोबरे, शेजारून आणलेले कपबशांचे सेट. मुलीने पोहे आणायचे, खाली मान घालून बसायचे, नाव सांगायचे. कुणी चालून दाखव म्हणे, कुणी एखादी ओळ लिहून दाखव म्हणे. अर्ध्या तासाने मंडळी उठत आणि दारात वडिलांना म्हणत, “कळवतो.” आठ दिवसांनी पोस्टकार्ड येई: पत्रिका जुळत नाही. सगळ्यांना ठाऊक असे की पत्रिका आधीच जुळवलेली होती. मग घरात कारणांची बैठक भरे. वडिलांच्या मते रंग. काकूच्या मते उंची. आईच्या मते चष्मा. चौथ्या स्थळाच्या वेळी आईने ताईचा चष्मा काढून ठेवला, तर ताईने चहाचा कप बशीऐवजी मुलाच्या मामांच्या मांडीवर ठेवला. आम्ही भावंडे पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट सांगून हसत असू. ताईही हसे. आता वाटते, ती हसे म्हणून आम्ही सांगत असू, की आम्ही सांगत असू म्हणून ती हसे, हे कधी तपासले नाही.

सातव्या पोस्टकार्डानंतर तिने कुणाला न विचारता टेलिफोन खात्यात ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला आणि नागपूर मागून घेतले. मिरजेपासून इतके लांब दुसरे गाव तिला माहीत नव्हते. वडील दोन दिवस जेवले नाहीत. मी तेव्हा अठरा वर्षांचा. तिची ट्रंक स्टेशनवर नेताना मी तिला म्हणालो होतो, “ताई, तू पळतेयस.” पुस्तकी वाक्य होते. कुठल्याशा नाटकात ऐकलेले असणार.

“पळत होतेच,” ताई फोनवर म्हणाली. “पण कुणापासून? त्या सात जणांपासून नव्हे. त्यांची तोंडंही मला आठवत नव्हती. घरात माझं काय काय वाईट आहे ते रोज ऐकत होते ना, त्याच्यापासून. नागपूरला एक्स्चेंजमध्ये आठ तास लोक माझा नुसता आवाज ऐकायचे. तोंड कुणाला दिसत नव्हतं. दोन वर्षांत माझा चष्मा कसा आहे हे मी विसरून गेले.” मग थोडे थांबून म्हणाली, “तिथल्या पोरींनी तिला नाही म्हटलं, ते त्या विसरल्याही असतील. का नाही म्हटलं ते तुम्ही सगळे तिला सांगताय.”

या वाक्याने मी खरोखर वरमलो. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

आपण आईबाप, आजेआजोबा मुलांना नकार पचवायला शिकवतो म्हणजे नेमके काय करतो? ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणतो आणि त्याच तोंडाने मनाला लावून घेण्यासारखी चार कारणे सुचवतो. कारण समजले की दुःख आटोक्यात येते, असा आपला समज असतो. परीक्षेत ते खरे असेलही. जिथे कारण दिलेलेच नाही, कदाचित नव्हतेच, तिथे आपण जे कारण देतो ते त्या मुलाच्या अंगाला कायमचे चिकटते. त्या घरातल्या दीडदोनशे मुलींनी हजाराहून अधिक मुलींतून पाच दिवसांत निवड केली. त्या अठरा-वीस वर्षांच्या पोरीच होत्या. त्यांना तरी कारणे ठाऊक असतील का? माझी पाच मिनिटांची ओळख कुणी विचारली तर मलाही ‘बरा वाटला’, ‘नाही वाटला’ यापलीकडे काही सांगता यायचे नाही.

मंडळांवर मी सरसकट राग धरावा असेही नाही. घरापासून हजार मैलांवर आलेल्या मुलीला शंभर बहिणी आयत्या मिळणे ही काही वाईट गोष्ट नव्हे, आणि पुष्कळजणींना तिथे जन्माच्या मैत्रिणी मिळाल्या आहेत. बाहेर ठेवलेल्यांनी पुन्हा पुन्हा तेच केले आहे: आपले घर बांधले. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी ‘आल्फा कॅपा आल्फा’ काढले. कमला हॅरिस विद्यार्थिदशेत त्याच मंडळाच्या झाल्या. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ज्यू मुलींनी ‘आल्फा एप्सिलॉन फाय’ काढले. १९९८ मध्ये टेक्ससमध्ये भारतीय वळणाच्या, दक्षिण आशियाई मुलींची मंडळे निघाली. नातीच्या बापाने लगेच त्यांतल्या एकाचा पत्ता शोधून काढला. नातीने विचारले, “बाबा, त्यांनी पण नाही म्हटलं तर?” यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नाही. दार बांधले की ते उघडायचे कुणासाठी हे ठरवणारे कुणीतरी लागतेच, मग ते घर कुणीही बांधलेले असो.

एक गोष्ट मात्र विद्यापीठांच्या हातात आहे आणि काहींनी ती केलीही आहे. पहिले सत्र संपेपर्यंत ही निवड होऊच द्यायची नाही. मुलींना आधी वर्गात, प्रयोगशाळेत, खानावळीत भेटू द्यावे. चार महिन्यांत ज्याच्या-त्याच्या ओळखी होतात; मग कुणाचे दार बंद झाले तरी ती मुलगी ओसाडीत उभी नसते. वर्ग सुरू होण्याआधीच हजारो मुलींची आत आणि बाहेर अशी विभागणी करायची, आणि नंतर पहिल्या दिवशी ‘आपण सारे एक कुटुंब’ असे भाषण ठोकायचे, यात शहाणपणा काय? कायद्याचा इलाज नाही. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा जो कायदा आहे, त्यातून या मंडळांच्या सभासद-निवडीला १९७४ मध्ये सूट मिळाली. आणि रंगावरून नाकारले हे सिद्ध करायला आधी कारण तर हवे.

असो. मुद्दा कॉलेज बदलण्याचा होता. ताईच्या फोननंतर मी नातीला उपदेश करणे सोडले आणि नुसते विचारू लागलो. वर्गात कुणी तिच्याशी वाईट वागत नव्हते. सोमवार ते शुक्रवार दिवस जात. शनिवार जात नसे. दक्षिणेत शनिवारी फुटबॉल, आणि तिथे मंडळे-मंडळे गठ्ठ्याने एका ठिकाणी बसतात. सकाळपासून अख्खे वसतिगृह सजून बाहेर पडे. पुढच्या वर्षी रूममेट वाड्यात राहायला जाणार, मजल्यावरच्या आणखी कितीतरी जणी जाणार. मी विचारले, इथली कोणती गोष्ट सोडताना वाईट वाटेल? ती विचार करून म्हणाली, रसायनशास्त्राचे एक म्हातारे प्राध्यापक आणि ग्रंथालयाचा चौथा मजला. तिथे जाऊन काय मिळेल? म्हणाली, “माहीत नाही. पण तिथं मला कुणी नाही म्हटलेलं नाही.” अठरा वर्षांच्या मुलीचे हे उत्तर कुणाला पोरकट वाटेल. बदलीसाठी मी याहून पोकळ कारणे मंजूर केलेली आहेत.

पैशाचीही बाजू होती, ती लपवून चालणार नाही. परराज्यातली म्हणून तिथली फी जबर. ती सुसह्य झाली होती ते नव्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या गुणवत्ता-शिष्यवृत्तीमुळे. मध्येच येणाऱ्यांना अशा शिष्यवृत्त्या फार थोड्या. शिवाय पहिल्या कॉलेजचे सगळे विषय दुसरे कॉलेज धरतेच असे नाही. त्यातल्या त्यात बरे म्हणजे स्वतःच्या राज्यात परतायचे. जॉर्जियात १९९३ पासून ‘होप’ नावाची शिष्यवृत्ती आहे, तिथल्या रहिवाशांना गुण टिकवण्याच्या अटीवर मिळते. तिचा पैसा सरकारी लॉटरीतून येतो. (मटका आणि लॉटरीच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडणाऱ्या ताईला हे अजून सांगितलेले नाही.) आणि दुसऱ्या वर्षी नव्या ठिकाणी गेले तर तिथल्या मैत्र्या आधीच जुळलेल्या असतात, पुन्हा दाराबाहेर उभे राहणे आले, हे मी तिला एकदाच सांगितले. ते तिला माहीत होते.

जानेवारी २०२५ मध्ये तिने अर्ज भरायला घेतले. अशा अर्जाबरोबर एक निबंध मागतात: तुम्हाला बदली का हवी? तिने मला विचारले, “आजोबा, तुम्ही ट्रान्सफर ॲप्लिकेशन्स वाचायचात ना बँकेत?” मी हो म्हणालो, तर तिने निबंध पाठवला. जीवशास्त्राचा अधिक चांगला अभ्यासक्रम, संशोधनाच्या संधी, घराजवळ असणे. भाषा झकास. आईबापांनी आणि कुणा सल्लागाराने मिळून घासूनपुसून घेतलेला. वाचताना मला थेट १९९७ चे माझे टेबल दिसले.

आता त्या अर्जाचे सांगतो. एका तालुक्याच्या गावातल्या शाखेतली एक कारकून मुलगी होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची. तिने एका पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते की, येथे माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नाही, दुपारी डबा मी एकटीच खाते, का ते मला कळलेले नाही, तरी कृपया दुसऱ्या कोणत्याही शाखेत बदली व्हावी. दाखला नाही, आई-वडिलांचे आजारपण नाही. मी अर्ज दोनदा वाचला. मग समासात ‘कारण सबळ नाही’ असा शेरा मारून फाईल वर पाठवली, आणि वरून ती तशीच परत आली. सव्वा वर्षाने तिचा राजीनामा आला. कारण, ‘घरगुती’. तेवढ्यात ती अर्ज लिहायला शिकली होती. तिने आईच्या संधिवाताचा दाखला जोडला असता तर मी तिला पंधरा दिवसांत बदली दिली असती. हे मी तेव्हाही जाणत होतो.

ही गोष्ट मी नातीला सांगितली. सल्ला म्हणून नाही. निबंध कसा वाटला हे तिने विचारले होते आणि मला दुसरे काही सुचत नव्हते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिचं नाव काय होतं?” मला आठवत नव्हते. अक्षर आठवत होते.

आठवड्याने दुसरा निबंध आला. जीवशास्त्र होते, पण खाली गेले होते. सुरुवातीला शनिवार होता: रिकामा मजला, लिफ्टचा आवाज, आणि ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर तिच्यासारख्याच आलेल्या तिघी-चौघी, ज्या एकमेकींकडे पाहून मान हलवत पण बोलत नसत. आपल्याला का घेतले नाही याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. भाचीला धास्ती वाटली की असले लिहिल्यावर कोण घेणार. मी म्हणालो, शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत तेवढ्या दुरुस्त कर आणि पाठव.

तीन ठिकाणी अर्ज केले होते. एकाने नाही म्हटले, दोघांनी घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये ती जॉर्जियातल्या एका विद्यापीठात गेली. एका विषयाचे गुण नव्या कॉलेजने धरले नाहीत, त्यामुळे तो पुन्हा करावा लागला. रसायनशास्त्राच्या त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना ती निघण्यापूर्वी भेटून आली. जुन्या रूममेटशी अजून बोलणे आहे.

नव्या ठिकाणीही सोरॉरिट्या आहेत. ऑगस्टमध्ये तिथेही रांगा लागल्या असतील. ती त्या रांगेत उभी राहिली की नाही, हे मी विचारलेले नाही. ताईला माहीत असावे. दर रविवारी दोघींचा तासभर फोन चालतो. पण ती मला सांगत नाही.